चार्ज देताना

वाघुळदे मॅडम, रजिस्टर जरा बाजूला ठेवा.
त्यात चौतीस बाटल्या लिहिल्यात, कपाटातही चौतीसच आहेत,
फक्त अकरांची लेबलं कसरीने खाल्ली.
खळ गव्हाची होती, गोड लागली असेल तिला.
मी सुभान तडवी, परिचर, सातवी पास.
एकतीस वर्षं ह्या खोलीत बाटल्या पुसतोय,
लेबल मला कधी लागलंच नाही.
चंचुपात्र घ्या. अर्धं पाणी.
बाकीचं पाणी सांगतं.

ही पहिली. काळपट, चमक मारणारी.
खसखशीएवढा एक खडा टाका
आणि हलवू नका. सर लोक लगेच हलवतात.
तो बुडता बुडता मागे दोरा सोडतो,
तळाशी टेकतो, आणि दोऱ्याचा धूर होतो,
धुराचं वांगं.
आपल्या बामणोदचं नाही, ते हिरवं.
बाहेरगावचं म्हणतोय मी.
सुकीला पूर आला त्या साली
शाळेच्या विहिरीत हीच सोडली होती, मूठभर.
सकाळी जांभळं पाणी, दुपारी गुलाबी,
दिवे लागेपर्यंत कोरा चहा.
म्हणजे घाण अजून आहे.
पुन्हा मूठ. पुन्हा चहा.
चौथ्या रात्री गुलाबी गुलाबीच राहिलं
तेव्हा हेडसरांनी रात्री दहाला घंटा वाजवली.
माझी बोटं पंधरा दिवस तपकिरी.
बायको म्हणाली, मेंदी उलट्या माणसाला लागली.

ह्या दोघी बहिणी. हळद आणि शेंदूर.
हळदीच्या पाण्यात आम्लाचे दोन थेंब, ती शेंदरी होते;
कॉस्टिकचे दोन थेंब, परत माहेरी.
रंगाला भुलू नका, हाताला लागू देऊ नका,
मोरीत तर अजिबात ओतू नका.

ही लालभडक, माणकासारखी,
पण पाण्यात गेली की हिरवट पिवळी, तोंड पाडून बसते.
मिठाच्या पाण्यात लोखंडी खिळा घालून रात्रभर ठेवा तिच्यासोबत.
सकाळी खिळ्याच्या टोकाला निळं.
गंजाला आधी तिलाच कळतं.

खरी पंचाईत पांढऱ्यांची.
सात आहेत. सातही टाकल्या की गेल्या,
पाणी जसंच्या तसं.
त्यातली एक तेवढी हाताला गार लागते.
मे महिन्यात, पत्र्याखाली, सावद्याचं ऊन,
मी ती उगीचच विरघळवायचो आणि पात्र गालाला लावायचो.
लिहा : नायट्रेट, वीस ग्रॅम, थंडाव्यासाठी खर्ची.

बाकीच्या सहा कोणत्या, मला आजही सांगता येत नाही.
घराणं तेवढं सांगतो.

बोरोल्यांची पल्लवी, नववी ब,
कंपासपेटीत राख घेऊन आली होती.
केळीच्या वाळल्या पानांची.
म्हणे, मामा, पप्पा ठिबकमधून पांढरा पोटॅश सोडतात,
लाल सोडला तर नळ्या तुंबतात.
पांढरा पाण्यात दिसतच नाही.
मग तो जातो कुठे?
सर जेवायला गेले होते.
मी म्हटलं, राखेत पाणी घाल. गाळ. आटव.
बशीत राहिला तो चिमूटभर खार
तारेच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरला.
पिवळं. नुसतं पिवळं.
मीठ आहे ते, म्हटलं, जरासंच असतं
पण सगळ्यांवर ओरडतं.
आणि खिशातली निळी काच तिच्या डोळ्यापुढे धरली.

पोरगी बोललीच नाही.
मला माहीत होतं तिला काय दिसतंय.
फिकट जांभळं, वांग्याच्या फुलाचं.
बामणोदचं वांगं हिरवं असलं ना मॅडम,
तरी फूल त्याच रंगाचं येतं.
मग हळूच म्हणाली,
म्हणजे तो आमच्या पानात होता.

द्या, सही कुठे करू?
नवीन लेबलं लावाल तेव्हा खळ नको, कसर येते.
आणि पान बारा, ओळ तीन :
काच, निळी, नग एक.
ती कपाटात नाही. बोरोल्यांकडे आहे.
तुम्ही आपलं तूटफूट लिहा.